आईचे ऐकून घेणारा डॉक्टर : डोनाल्ड विनिकॉट



मूल तापाने फणफणले की आपण तातडीने डॉक्टरांकडे धावतो. पण मूल सारखे चावते, हाताला लागेल ती वस्तू फेकते, रात्री किंचाळत उठते किंवा बालवर्गाच्या दारात आईचा हात सोडत नाही, अशा वेळी कोणाकडे जायचे? घरातली वडीलधारी मंडळी दोन धपाटे घालायला सांगतात. शेजारचे म्हणतात की लाडाने बिघडवले आहे. आईबाप मात्र मनातून खजील होतात आणि आपलेच काहीतरी चुकले, असे समजून गप्प बसतात.

मुलाच्या वागण्याची तक्रार हीसुद्धा बालरोगतज्ज्ञाकडे नेण्याजोगी गोष्ट आहे आणि तिचा पहिला उपचार म्हणजे आईबापांना आधार देणे होय, हे इंग्लंडमधील एका डॉक्टरने चाळीस वर्षे रुग्णालयात बसून दाखवून दिले. त्यांचे नाव डॉ. डोनाल्ड वुड्स विनिकॉट. त्यांच्या जीवनाची ही ओळख.

बालपण

डोनाल्ड यांचा जन्म ७ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्लिमथ या बंदराच्या गावी झाला. वडील फ्रेडरिक हे गावातील प्रतिष्ठित व्यापारी. पुढे ते दोनदा प्लिमथचे महापौर झाले. घर मोठे, बाग मोठी, दोन थोरल्या बहिणी, शिवाय घरात सांभाळणाऱ्या बायका. वडील कामात गढलेले असत, त्यामुळे डोनाल्डचे बालपण बहुतेक बायकांच्या सहवासात गेले. आई अधूनमधून खिन्न असे. तिच्या खिन्नतेचा लहानग्यावर झालेला परिणाम त्यांनी उतारवयात एका कवितेत लिहून ठेवला. उदास आईचे मूल आईला हसवण्यासाठी काय काय करते, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

आता एक गंमत ऐका. पुढे मुलांच्या वागण्याचा तज्ज्ञ म्हणून नावाजलेला हा माणूस लहानपणी स्वतः काही कमी खट्याळ नव्हता. तो साधारण तीन वर्षांचा असताना वडील बहिणीच्या मेणाच्या बाहुलीवरून त्याला सारखे चिडवत. एके दिवशी त्याने आपल्या खेळातला लाकडी हातोडा उचलला आणि बाहुलीचे नाक सपाट करून टाकले. वडिलांनी काय केले असेल? त्यांनी एकामागून एक काड्या ओढून मेण ऊबवले आणि नाकाला पुन्हा आकार दिला. बाहुलीला चेहरा परत मिळाला. रागाच्या भरात मोडलेली वस्तू दुरुस्त होऊ शकते आणि वडील मुलाला टाकून देत नाहीत, हे त्या लहान मुलाने पाहिले. ही आठवण त्यांनी आयुष्यभर जपली.

नऊ वर्षांचा असताना आणखी एक प्रसंग घडला. आपण फारच गुणी मुलगा आहोत, असे आरशात पाहून डोनाल्डला वाटू लागले आणि त्याचा कंटाळा आला. मग वर्षभर त्याने वह्यांवर शाईचे डाग पाडले आणि वर्गात शेवटचा नंबर काढला. मित्रांनो, हे अनुकरणासाठी सांगत नाही हं! पण शहाण्या मुलाच्या आतही एक दुसरे मूल असते, हे डॉक्टर विनिकॉट का कधी विसरले नाहीत, ते यावरून कळते.

बाराव्या वर्षी जेवणाच्या टेबलावर त्याच्या तोंडून एक असभ्य शब्द निघाला. वडिलांना वाटले, मुलाची संगत बिघडली. त्यानंतर थोड्याच काळात, चौदाव्या वर्षी त्याची रवानगी केंब्रिजच्या लेज स्कूल या निवासी शाळेत झाली. तेथे खेळताना गळपट्टीचे हाड मोडले. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला वाटले की असे आयुष्यभर दुसऱ्या डॉक्टरांवर अवलंबून राहण्यापेक्षा आपणच डॉक्टर झालेले बरे!

डॉक्टर होताना

केंब्रिजच्या जीझस कॉलेजमध्ये त्यांनी जीवशास्त्राचा अभ्यास केला. तेवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. वैद्यकीय शिक्षण पुरे झाले नसतानाच ते ब्रिटिश आरमाराच्या एका विनाशिकेवर शिकाऊ डॉक्टर म्हणून रुजू झाले. युद्धात त्यांचे अनेक मित्र मारले गेले. आपण वाचलो आहोत, तर त्यांच्या वाटचेही जगले पाहिजे, असे त्यांना वाटत राही.

युद्धानंतर लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातून ते १९२० मध्ये डॉक्टर झाले. तेथील ज्येष्ठ डॉक्टर थॉमस होर्डर यांच्याकडून ते एक मोठी गोष्ट शिकले. रोग्यावर प्रश्नांची सरबत्ती करायची नाही, त्याला त्याच्या पद्धतीने सांगू द्यायचे आणि आपण ऐकायचे. पुढे विनिकॉट यांनी हेच तंत्र लहान मुलांच्या आयांसाठी वापरले.

१९२३ हे त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाचे वर्ष. याच वर्षी पश्चिम लंडनमधील पॅडिंग्टन ग्रीन बालरुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. याच वर्षी ॲलिस टेलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आणि याच वर्षी जेम्स स्ट्रेची यांच्याकडे त्यांचे स्वतःचे मनोविश्लेषण सुरू झाले, ते दहा वर्षे चालले. सकाळी कान, घसा, हृदय तपासणारा डॉक्टर आणि संध्याकाळी मनाचा विद्यार्थी, असे त्यांचे दिवस जाऊ लागले.

पॅडिंग्टन ग्रीनचे दिवस

त्या काळी लहान मुलांचे डॉक्टर शरीराकडे पाहत. मन हा त्यांचा विषय नव्हता. याचा त्रास मुलांना कसा होई पाहा. संधिवाताच्या तापाने मुलांच्या हृदयाला इजा होत असे. त्या तापाबरोबर हातपाय आपोआप झटकण्याचा कोरिया नावाचा विकारही येई. त्यामुळे एखादे मूल फार चुळबुळे असले किंवा पाय दुखतात म्हणाले की डॉक्टर सावधगिरी म्हणून त्याला दीर्घकाळ अंथरुणात झोपवून ठेवत. धावण्याखेळण्याच्या वयातले धडधाकट मूल खाटेला खिळून राही.

विनिकॉट यांनी अशी मुले नीट तपासली. ज्यांना खरा आजार होता, त्यांना त्यांनी वेगळे काढले. बाकीच्यांच्या आयांना त्यांनी बसवून घेतले आणि घरी काय चालले आहे ते सांगू दिले. कुठे नवे बाळ आले होते, कुठे आजी वारली होती, तर कुठे मूल नुसतेच काळजीने अस्वस्थ होते. १९३१ मध्ये त्यांनी लहान मुलांच्या विकारांवर पहिले पुस्तक लिहिले. त्यात चुळबुळ्या मुलांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. काळजीने अस्वस्थ झालेल्या मुलाला रोगी ठरवून झोपवून ठेवू नये, हे त्यांनी आपल्याच व्यवसायबंधूंना ठणकावून सांगितले.

त्यांच्या दवाखान्यातील एक प्रयोग प्रसिद्ध आहे. जीभ दाबून घसा पाहण्याची एक चकचकीत धातूची पट्टी ते टेबलाच्या कडेवर ठेवत. आई बाळाला मांडीवर घेऊन समोर बसे. बाळ पाच ते तेरा महिन्यांचे. बाळाला पट्टी दिसे, पण ते लगेच उचलत नसे. आईकडे पाही, डॉक्टरांकडे पाही, थबके. आईने अशा वेळी पट्टी हातात द्यायची नाही, नको म्हणायचे नाही आणि हो म्हणायचेही नाही. फक्त थांबायचे. थोड्या वेळाने बाळ स्वतःच धीर करी, पट्टी उचलून तोंडात घाली, आपटी, मनसोक्त खेळे आणि शेवटी खाली टाकून देई. हे निरीक्षण त्यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केले. बाळाला थबकायला वेळ दिला, तर त्याचे धाडस त्याचे स्वतःचे होते. खोलीत बसलेल्या आईलाही आपल्या बाळाची ताकद तेव्हाच प्रथम दिसे. डॉक्टरांनी काही न करता दोघांना केलेली ही मदत होती.

युद्ध आणि ताटातूट

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. बॉम्बच्या भीतीने ब्रिटनच्या शहरांतून पहिल्या काही दिवसांतच सुमारे १५ लाख लोक खेड्यापाड्यांत हलवण्यात आले. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. जीव वाचवण्यासाठी हे आवश्यकच होते. पण दोन ते पाच वर्षांच्या मुलांना आईपासून दूर पाठवले, तर त्यांच्या मनाला खोल इजा होईल, असा इशारा देणारे पत्र डिसेंबर १९३९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि विनिकॉट या तिघांच्या सह्या होत्या.

पुढे ऑक्सफर्डशायरमध्ये काही वसतिगृहे उघडण्यात आली. जी मुले अंथरूण ओले करत, चोऱ्या करत, पळून जात आणि म्हणून कोणतेच घर ज्यांना ठेवून घेत नसे, ती तेथे राहत. विनिकॉट तेथे दर आठवड्याला जात. प्रथम त्यांना वाटले, आपण मुलांवर उपचार करावेत. लवकरच त्यांच्या ध्यानात आले की खरा उपचार वेळेवर मिळणारे जेवण, ठरलेला दिवसक्रम आणि मुलाने कितीही त्रास दिला तरी न सोडून जाणारी माणसे हाच आहे. मग ते वसतिगृह चालवणाऱ्यांशीच बोलू लागले, त्यांचा राग आणि थकवा ऐकून घेऊ लागले. तेथेच त्यांची क्लेअर ब्रिटन या समाजकार्यकर्तीशी गाठ पडली. पहिला विवाह संपुष्टात आल्यावर १९५१ मध्ये दोघांनी लग्न केले. विनिकॉट यांना स्वतःचे मूल झाले नाही.

याच काळात नऊ वर्षांच्या एका पळपुट्या मुलाला विनिकॉट आणि ॲलिस यांनी तीन महिने आपल्या घरी ठेवले. त्याने दोघांना अक्षरशः जेरीस आणले. तो अनावर झाला की डॉक्टर त्याला उचलून दाराबाहेर ठेवत. दाराशी एक घंटा होती. त्याने ती वाजवली की दार उघडे आणि झाल्या प्रकाराबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. मुलाच्या अशा वागण्याने आपल्याला किती राग येतो, तेही ते त्याला सरळ सांगत, पण त्याच्यावर हात उचलत नसत. मुलाला दाराबाहेर ठेवण्याचा हा उपाय आज कोणी डॉक्टर सुचवणार नाही. पण त्यातून विनिकॉट यांनी मांडलेला विचार आईबापांना फार मोकळे करणारा होता. जिवापाड प्रेम असलेल्या मुलाचाही कधी कधी भयंकर राग येतो आणि तो राग येणे हे पाप नाही. राग ओळखून तो हातात न उतरू देणे, हे पालकाचे काम आहे.

घराघरांत पोहोचलेला आवाज

दवाखान्यात येऊन येऊन किती आया येणार? १९४३ पासून विनिकॉट बीबीसी रेडिओवर बोलू लागले आणि पुढची सुमारे वीस वर्षे अधूनमधून बोलत राहिले. त्यांची पन्नासच्या आसपास भाषणे झाली. अमुक करा, तमुक करू नका, अशी यादी ते देत नसत. बाळ अंगठा का चोखते, धाकटे भावंड आल्यावर मोठे मूल का बिथरते, आईला दिवसभरात कशाकशाचा वैताग येतो, अशा विषयांवर ते बोलत. १९६० मध्ये काही कार्यक्रमांत आधी आयांची आपसांतली चर्चा ऐकवली गेली आणि मग डॉक्टर त्यावर बोलले. म्हणजे रेडिओवरसुद्धा आधी ऐकणे, मग बोलणे!

मुलाला नाही म्हणायला कधी सुरुवात करावी, यावर त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. अगदी तान्ह्या बाळाच्या वेळी सगळी जबाबदारी आईबापांचीच असते, धोक्याच्या वस्तू त्यांनीच दूर ठेवायच्या. नंतर थोड्याच पण ठाम गोष्टींना नाही म्हणायचे, जसे गरम भांडे. मूल बोलू-समजू लागले की त्याला कारण सांगायचे. पायऱ्या गाळून एकदम कारणे सांगत बसले, तर वर्षाच्या बाळाला ती कळत नाहीत.

मुले एखादी मळकी चिंधी किंवा बाहुली कायम जवळ बाळगतात. आपल्याकडे ती आजीच्या गोधडीचा तुकडा असते किंवा आईच्या जुन्या साडीचा. १९५१ मध्ये वाचलेल्या निबंधात विनिकॉट यांनी दाखवले की ही वाईट खोड नाही. आईपासून थोडे दूर जायला शिकण्याचा तो मुलाचा आधार आहे. त्याची वेळ झाली की ते आपोआप सुटते.

त्यांचा सर्वांत गाजलेला विचार म्हणजे पुरेशी चांगली आई. आई परिपूर्ण असावी लागत नाही. सुरुवातीला ती बाळाची हाक जवळजवळ लगेच ऐकते, पुढे हळूहळू थोडा उशीर होतो, थोडे चुकते. बाळाला सोसेल इतपत चुकणे हे त्याच्या वाढीला मदतच करते. स्वतःला दोष देणाऱ्या लाखो आयांना या एका विचाराने धीर दिला.

दोरी बांधणारा मुलगा

१९५५ मध्ये सात वर्षांच्या एका मुलाला घेऊन आईवडील त्यांच्याकडे आले. गाव लांब, म्हणून सहा महिन्यांतून एकदाच येणे शक्य होते. विनिकॉट मुलाबरोबर रेघोट्यांचा खेळ खेळले. एकाने कागदावर वेडीवाकडी रेघ काढायची, दुसऱ्याने तिचे काहीतरी करायचे. मुलाने जवळजवळ प्रत्येक रेघेची दोरी केली, चाबूक केला, गाठ केली. आईवडिलांनी सांगितले की घरीही तो दोरीने खुर्च्या-टेबले एकमेकांना बांधून ठेवतो. एकदा तर त्याने बहिणीच्या गळ्याभोवती दोरी बांधली होती, म्हणून ते घाबरले होते. मुलाला धाकटी बहीण झाली, मग आईची शस्त्रक्रिया झाली, मग खिन्नतेच्या आजाराने आई दोन महिने रुग्णालयात राहिली, हा सारा इतिहास विनिकॉट यांनी ऐकला. आई पुन्हा निघून जाईल या भीतीने मूल सगळे बांधून ठेवते आहे, असे त्यांना वाटले. त्यांनी आईला सुचवले की योग्य वेळ साधून मुलाशी या भीतीबद्दल बोलावे.

आईला प्रथम हे खुळचटपणाचे वाटले. तरी एके दिवशी ती बोलली. मुलालाही जणू याच बोलण्याची वाट होती. सहा महिन्यांनी ते परत आले, तेव्हा दोरीचा खेळ थांबला होता. पुढे आईची आणखी एक शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा तो पुन्हा सुरू झाला आणि आई बोलल्यावर पुन्हा थांबला. उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने आईनेच केला होता.

मात्र गोष्ट इथे संपत नाही. किशोरवयात या मुलाच्या अडचणी वेगळ्या रूपात परत आल्या. विनिकॉट यांनी १९६९ मध्ये ही गोष्ट स्वतःच लिहून ठेवली, आपले यश फुगवून सांगितले नाही. काही मुलांना थोडी मदत पुरते, काहींना वर्षानुवर्षे लागते, हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले.

अखेर आणि नंतर

चाळीस वर्षांच्या सेवेनंतर १९६३ मध्ये ते पॅडिंग्टन ग्रीनमधून निवृत्त झाले. या काळात त्यांनी सुमारे साठ हजार माता आणि मुले तपासली, असे सांगितले जाते. ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेचे ते दोनदा अध्यक्ष झाले. जानेवारी १९७१ मध्ये लंडनमध्ये वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

विनिकॉट यांच्या कामातही उणिवा होत्या. त्यांनी आईवर फार भार ठेवला, वडील आणि इतर नातलग मागे राहिले, अशी टीका झाली. त्यांची पद्धत मोजमापाची नव्हती. नंतरच्या पिढीने वेगळ्या वाटेने ते काम केले. अमेरिकेत कॅरोलिन वेब्स्टर-स्ट्रॅटन आणि ऑस्ट्रेलियात मॅथ्यू सँडर्स यांनी पालकांसाठी पायरीपायरीने शिकवणारे कार्यक्रम तयार केले. मुलाबरोबर रोज थोडा वेळ खेळणे, चांगले वागले की नेमके काय आवडले ते सांगणे, सूचना थोडक्यात आणि शांतपणे देणे, ठरवलेले नियम दररोज सारखेच पाळणे, असे त्यात शिकवले जाते. अनेक चाचण्यांमधून त्यांचा उपयोग दिसून आला आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०११ मध्ये सांगितले, आणि २०१९ मध्ये पुन्हा सांगितले, की चार-पाच वर्षांच्या अतिचंचल मुलांसाठी औषधाआधी पालकांना असे प्रशिक्षण द्यावे. वाट वेगळी असली, तरी मुलाला मदत करायची तर आधी आईबापांचा हात धरा, हा धागा तोच आहे.

पालकहो, मूल हट्टी झाले, मारू लागले, झोपेनासे झाले, तर लाज वाटून घेऊ नका. पुढच्या वेळी लस द्यायला जाल, तेव्हा डॉक्टरांना हेही सांगा. त्याला नीट ऐकू येते का, झोप पुरते का, काही दुखते का, हे ते तपासतील. घरात नुकतेच काय बदलले, तेही सांगा. शक्य असेल तर वडिलांनी आणि आजीआजोबांनीही बरोबर जावे, म्हणजे घरात सर्वांचा नियम एक राहील. वर्गशिक्षिकांच्या कानावरही घाला. शाळेत मूल कसे वागते ते त्या सांगू शकतात.

आणि विद्यार्थी मित्रांनो, धाकट्या भावाने तुमची वही फाडली, तर त्या मेणाच्या बाहुलीची आठवण ठेवा. रागावा जरूर, पण मग दोघे मिळून ती वही चिकटवायला बसा.